आक्काचा कान आणि माझा

आंधळा दिसला की लोक हात धरतात. लंगडा दिसला की एसटीत सरकून जागा देतात. बहिरा दिसला की हसतात. आमच्या माणदेशात बहिऱ्या म्हाताऱ्याच्या गोष्टी म्हणजे लग्नाच्या मांडवात, खळ्यावर, एसटीच्या थांब्यावर वेळ काढायचं हुकमी साधन. एकजण वाट विचारतो, म्हातारा बैलाची किंमत सांगतो. सून भाजीचं विचारते, तो पावसाचं सांगतो. ऐकणारे पोट धरून हसतात.

आपली भाषा तरी कानांनी किती भरलेली! कुणाचे कान फुंकले जातात, कुणाचे टोचले जातात, कुणी हलक्या कानाचा असतो, कुणी कानावर हात ठेवतो. भिंतीलासुद्धा आपण कान दिले. पण जित्या माणसाचा कान एका रात्रीत जातो तेव्हा त्याला काय म्हणायचं, यासाठी आमच्याकडं शब्द नाही. ‘बहिरा झाला’ म्हणायचं आणि विषय मिटवायचा. केस पांढरे होतात, दात पडतात, तसा कान जातो. त्यात दवाखान्यात पळण्यासारखं काय, असा सगळ्यांचा समज.

माझा उजवा कान असाच एका रात्रीत गेला. सत्तावन्न वर्षांचा होतो. फेब्रुवारी महिना, ज्वारी काढणीला आलेली. सकाळी उठलो तर कानात दडा बसल्यागत झालेलं. फोन वाजला, उजव्या कानाला लावला, पलीकडं कुणी बोलेना. डाव्या कानाला लावला तर माणूस धडधडीत बोलतोय. उजव्या कानात नुसता हुं हुं असा आवाज, शेताच्या बांधावरल्या डीपीजवळ उभं राहिल्यावर येतो तसा. उठून उभा राहिलो तर घर जरासं फिरलं.

“मळ आसंल,” आमची ही म्हणाली. “कोमट तेल घालू का दोन थेंब?”

तेल तापायच्या आत भाच्याचा फोन आला. पुण्यात एका दवाखान्यात कान तपासायच्या यंत्रावर तो काम करतो. त्याला जत्रेची तारीख पाहिजे होती. हिनं बोलता बोलता कानाचं सांगितलं, तसा तो म्हणाला, “मामांकडं द्या.” आणि मला म्हणाला, “मामा, ओठ मिटा आणि नाकातल्या नाकात गुणगुणा. आवाज कुठल्या कानात जास्त घुमतोय?”

मी ओठ मिटून ‘विठ्ठल’ गुणगुणलो. आवाज डाव्या, चांगल्या कानात.

“मग मळ नाही. मळ असता, तर बुजलेल्या कानात जास्त घुमला असता. तेल घालू नका, दुकानातनं थेंब आणू नका. दुपारची एसटी धरा.”

“आरं, ज्वारी उभी हाय.”

“ज्वारी आठ दिवस थांबंल मामा. कान थांबायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्यात डॉक्टरांच्या समोर होतो. त्यांनी एक लोखंडी चिमट्यासारखा काटा कोपरावर आपटून माझ्या कपाळावर टेकवला. भाच्यानं फोनवर करून घेतलं होतं तेच, फक्त शिस्तीत. मग काचेच्या खोलीत बसवून कानाचा आलेख काढला. उजव्या कानाला 85 डेसिबलच्या खालचं काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे मोटरसायकलचा हॉर्न कळला असता, माणसाची हाक नाही.

डॉक्टर बाई समजावून सांगणाऱ्या होत्या. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक गुंडाळलेली पोकळी असते. तिच्यात जन्मतः साधारण 15,000 बारीक केसाळ पेशी असतात. आवाजाच्या लाटेनं ते केस हलतात आणि मेंदूला निरोप जातो. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. अशा अचानक गेलेल्या कानाचं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. कुणी विषाणू म्हणतं, कुणी रक्तपुरवठा म्हणतं. उपाय म्हणून सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, गरज पडली तर कानाच्या पडद्यातून इंजेक्शन देतात. पण हे जितक्या लवकर तितकं बरं. पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तर उत्तम, दोन आठवड्यांपर्यंत तरी पाहिजे. पुढं पुढं आशा पातळ होत जाते.

“औषधानं येईलच का?” मी विचारलं.

“सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “काहींचा औषधाशिवायसुद्धा येतो. काहींचा औषध देऊनही येत नाही. पण वाट बघत बसण्यापेक्षा प्रयत्न करणं शहाणपणाचं.”

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. पुढं त्याचा मला फार उपयोग झाला.

आठ दिवस भाच्याकडं राहिलो. गोळ्या चालू असताना साखर वाढते म्हणून ती तपासायची, मेंदूजवळ गाठ वगैरे नाही ना बघायला एमआरआय काढायचा, दर काही दिवसांनी आलेख काढायचा. सगळं मिळून बावीस हजारांच्या आसपास गेले. दोन शेळ्या आणि थोडा कांदा त्यात गेला. गंमत अशी, की त्यात गोळ्यांचा खर्च जेमतेम काही शे रुपयांचा. बाकीचा पैसा पुण्याला जाण्याचा, राहण्याचा आणि तपासण्यांचा. तीन आठवड्यांनी कान 85 वरून 50 डेसिबलवर आला. पूर्ण आला नाही. जवळ बसून कुणी मोठ्यानं बोललं तर त्या कानाला कळतं.

पण आवाज येणं आणि शब्द येणं वेगळं, हे मला तेव्हा समजलं. उजव्या कानात माणसं बोलतात ती पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी. आणि दोन कानांनी कळते ती दिशा गेली. शेतात कुणी ‘ओ तात्या’ म्हणून हाक मारली, की मी जागच्या जागी गिरकी घेतो. हाक विहिरीकडून आली, का वस्तीकडून, का रस्त्यावरून, काही कळत नाही. पूर्वी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला सांगता यायचं, की विहिरीवरची मोटर पाणी ओढतेय का कोरडी फिरतेय. आता उठून जाऊन बघावं लागतं. डाव्या कुशीवर झोपलो की चांगला कान उशीत जातो आणि जग जवळजवळ बंद होतं. पहिल्या पहिल्यांदा त्याची भीती वाटायची. आता कुत्री जास्तच भुंकत असली तर मुद्दाम तसा झोपतो.

माणूस जुळवून घेतो. पारावर मी आता उजव्या टोकाला बसतो, म्हणजे सगळी माणसं डाव्या कानाच्या बाजूला येतात. जेवायच्या पंगतीत भिंतीकडं उजवा कान करतो. रस्त्यानं ही नेहमी माझ्या डाव्या बाजूनं चालते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, उजवी बाजू आता तिनं कायमची सोडली. नातवंडांना शिकवलंय, की आधी आजोबाच्या हाताला हात लावायचा, मग बोलायचं. भजनात टाळ वाजवणं सोडलं नाही. फक्त पखवाजाच्या उजवीकडची माझी जागा बदलून मी त्याच्या डावीकडं गेलो. कानात घुमणारा डीपी अजून चालू आहे. दिवसा कामात तो विसरतो, रात्री रातकिड्यांत मिसळून जातो.

दमायला मात्र होतं. चारचौघांत बसून बोलणं ऐकायचं म्हणजे गाळलेल्या जागा भरायचा पेपर सोडवल्यासारखं असतं. निम्मा शब्द कानानं घ्यायचा, निम्मा ओठांवरून, उरलेला अंदाजानं. डीजे लावलेल्या लग्नात मी अक्षता टाकून लगेच निघतो. लोकांना वाटतं तात्याला आता माणसं नकोशी झाली. तसं नाही. माणसं पाहिजेत, पण एका वेळी एक.

कागदावर मी धडधाकट आहे. 2016 च्या दिव्यांगांच्या कायद्यात दोन्ही कानांचं ऐकणं ठरावीक मापाहून कमी झालं तरच माणूस कर्णबधिर धरला जातो. एका कानाचा हिशोब नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याचे दोन्ही गेले त्याची गरज मोठी. पण कायद्याच्या नजरेत जे नुकसान नाही, ते माणसाच्या आयुष्यात असतं, एवढं मला कळलं.

हे सगळं माझ्यापुरतं असतं तर मी लिहिलं नसतं. पुढं दीडेक वर्षानं शेजारच्या वस्तीवरल्या आक्काचा कान गेला.

आक्का माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. नवरा लवकर गेला. दिवाळी झाली की लेक आणि सुनेबरोबर ती ऊसतोडीला जाते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आक्का एकटी म्हणून अर्धा. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडेपर्यंत टोळी सोडता येत नाही. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. त्या वर्षी डिसेंबरात, घरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, उसाच्या फडाजवळच्या कोपीत आक्का पहाटे उठली, तर डावा कान बंद. माझ्यासारखंच. तोच दडा, तोच हुं हुं, तीच भोवळ.

जवळच्या गावातल्या औषधाच्या दुकानातून लेकानं थेंब आणले. ते आठ दिवस घातले. मग कुणी सांगितलं, थंडीनं झालंय, कानात कापूस घालून फडकं बांध. तिनं फडकं बांधलं आणि मोळ्या वाहिल्या. हंगाम संपवून टोळी गावाकडं आली ती मार्चच्या अखेरीला. मी भेटायला गेलो तेव्हा ती मान वाकडी करून माझं बोलणं ऐकत होती. मला ती मान ओळखू आली. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला घेऊन पुण्याला गेलो. काचेच्या खोलीतला आलेख झाला. डावा कान जवळजवळ सपाट. डॉक्टर बाई म्हणाल्या, आता उशीर झालाय, उजवा जपा.

परतताना एसटीत मी तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसलो. म्हटलं, “आक्का, तवाच कुठल्या तरी दवाखान्यात जायचं हुतं.”

ती म्हणाली, “आवं तात्या, एका कानापायी खाडा पाडून घ्यायला कान काय दूध देतो व्हय?”

मी हसलो, तीही हसली. पण ते वाक्य माझ्या चांगल्या कानात अजून आहे. कारण हिशोब करायला बसलं तर तिचं चुकत नाही. खाडा पडला तर किती पैसे जातात ते तिला ठाऊक होतं. कान गेला तर काय जातं ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. दोन माणसं, एकच गाव, एकच आजार. एकाला तिसाव्या तासाला काटा कपाळावर टेकवलेला मिळाला, दुसरीला तीन-साडेतीन महिन्यांनी. गावात लोक म्हणतात, “तात्याचं नशीब.” मी त्यावर बराच विचार केला. माझं नशीब म्हणजे नेमकं काय होतं? भाचा दवाखान्यात कामाला होता. त्याचा फोन त्याच सकाळी आला. विकायला दोन शेळ्या होत्या. पुण्यात झोपायला घर होतं. ज्वारी आठ दिवस उभी राहू शकत होती. यातली एकही गोष्ट माझ्या कानात नव्हती आणि माझ्या अंगच्या गुणातही नव्हती. आक्काचं दुर्दैव म्हणजे तरी काय? यातली एकही गोष्ट तिच्याकडं नव्हती. मग ज्याला आपण नशीब म्हणतो, ते पैसा, नातं, अंतर आणि रजा यांचंच गाठोडं असतं. सटवाईनं कपाळावर लिहिलेलं त्यात थोडंच.

कुणी म्हणेल, तात्या, औषधानं आक्काचा कान आला असता, हे तरी कशावरून? खरंय. डॉक्टर बाईंनीच सांगितलं होतं, की छातीठोक सांगता येत नाही. माझाही कदाचित आपोआपच आला असेल. पण म्हणूनच मला वाटतं, आपण हक्क या शब्दाचा अर्थ नीट लावला पाहिजे. बरं होण्याचा हक्क कुणालाच नसतो. राजालाही नसतो. शरीर आपल्या मनानं चालतं. पण वेळेवर तपासलं जाण्याचा, खरं काय ते सांगितलं जाण्याचा आणि असलेला उपाय करून बघण्याचा हक्क? तो मला मिळाला आणि आक्काला मिळाला नाही. कान निसर्गानं नेला असेल. संधी मात्र आपण माणसांनी नेली.

हा विचार काही माझा नाही, फार जुना आहे. इंग्रज सरकारनं 1943 साली आरोग्याचा विचार करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. आडनावावरून साहेब वाटतात, पण जन्म नाशिकचा. 1946 साली या समितीनं अहवाल दिला. त्याचा गाभा एवढाच, की पैसे देता येत नाहीत म्हणून कुणीही उपचाराला मुकता कामा नये, आणि दवाखाना खेड्यातल्या माणसाच्या जवळ पाहिजे. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रं त्याच विचारातून पुढं आली. म्हणजे आक्काच्या आणि माझ्या जन्माआधीच तिच्या कानाचा विचार कागदावर झालेला होता.

त्याच सुमाराला तिकडं इंग्लंडात, 5 जुलै 1948 पासून, सगळ्यांसाठी एकच सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. ती सुरू करणारा आरोग्यमंत्री अॅनायरिन बेव्हन हा वेल्समधल्या ट्रेडेगर गावचा, पोरवयातच कोळशाच्या खाणीत उतरलेला. त्या गावातले कामगार पगारातून थोडे थोडे पैसे एका मंडळात भरायचे आणि त्यातून सगळ्यांच्या घरादाराचं औषधपाणी व्हायचं. आपल्याकडच्या भिशीसारखंच, फक्त नंबर लागायचा तो चिठ्ठीनं नव्हे, आजारानं. गावात जे चालतं ते देशात का चालू नये, असा त्याचा सवाल. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. या सेवेनं पहिल्या वर्षापासून फुकट दिलेल्या वस्तूंत कानाचं यंत्र होतं. छातीवर अडकवायची एक डबी, तिला वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायचं बोंडूक. दिसायला ओबडधोबड, पण ते खाणीतल्या मजुरालाही मिळायचं आणि मास्तरालाही. महायुद्धानं कंगाल झालेल्या देशानं ‘आधी पैसा येऊ दे, मग बहिऱ्यांचं बघू’ असं म्हटलं नाही. आज तिथंही रांगा आहेत, तक्रारी आहेत. पण रांग लावायला पैसे लागत नाहीत.

पारावर हे बोललो की एकदोघं हमखास म्हणतात, “तात्या, फुकाट दिलं की किंमत ऱ्हात न्हाय.”

हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. फुकट मिळालेल्या पाण्यानं आपण जमिनी खारावल्या, हे सातारा-सांगलीच्या नदीकाठी कुणालाही विचारा. पण औषधाचं तसं नसतं. पाणी फुकट आहे म्हणून पीक जास्त पाणी पितं. एमआरआय फुकट आहे म्हणून कुणी हौसेनं त्या नळकांड्यात शिरत नाही. कानाच्या पडद्यातून सुई फुकट घ्यायला कोण जातंय? आणि आपण आठवून बघावं, 1995 पासून पल्स पोलिओच्या रविवारी गावोगाव बूथ लागायचे. तिथं कुणी रेशनकार्डाचा रंग विचारला नाही. सरपंचाचं नातवंडही त्याच रांगेत आणि पालावरलं पोरही त्याच रांगेत. पोरं सापडली नाहीत तर बाया घराघरात, वीटभट्टीवर, उसाच्या फडावर गेल्या आणि दोन थेंब पाजून बोटाला शाई लावून आल्या. जानेवारी 2011 नंतर देशात त्या रोगाच्या जंगली विषाणूचा नवा रुग्ण सापडला नाही आणि 2014 साली आपण पोलिओमुक्त झालो. फुकट होतं म्हणून किंमत गेली का? उलट सगळ्यांना होतं म्हणूनच ते काम झालं. जो थेंब उसाच्या फडापर्यंत पोचला, त्याच्या मागोमाग कानाचा डॉक्टर का पोचू नये?

दुसरा आक्षेप पैशाचा. श्रीमंत देशांना हे परवडतं म्हणतात. पण थायलंड काही श्रीमंत देश नव्हता. 2001-02 मध्ये त्यांनी कुठल्याच योजनेत न बसणाऱ्या सगळ्या माणसांना, एका भेटीला तीस बाहत एवढ्या नाममात्र पैशात उपचार द्यायला सुरुवात केली. आपल्याकडंही काहीच नाही असं नाही, आणि जे झालं त्याला झालं म्हणायला पाहिजे. जीवनदायी योजना 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढं राज्यभर पसरली आणि महात्मा फुल्यांच्या नावानं चालू लागली. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या सरकारी दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत. ही चांगली पावलं आहेत. पण योजनेची गाडी मुख्यतः दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी धावते. ऑपरेशनला ती उभी राहते. त्याच्या आधीच्या, वेळेवर करायच्या साध्या तपासणीला उभी राहतेच असं नाही. आक्काला ऑपरेशन नको होतं. तिला एक काटा, काही शे रुपयांच्या गोळ्या आणि ‘हा मळ नाही, आज निघ’ असं सांगणारं कुणीतरी पाहिजे होतं. आणि एक गोष्ट आणखी, जी कुठल्याच दवाखान्याच्या हिशोबात नसते. दोन दिवसांच्या खाड्याची भरपाई.

तिसरा आक्षेप कुणी तोंडानं बोलत नाही, पण मनात असतो. ‘मी माझी सोय केली, तुम्ही तुमची करा.’ याला मी आपल्याच मातीतलं उत्तर देतो. 1868 साली जोतिबा फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 1927 साली महाडात बाबासाहेबांनी हजारो माणसांना बरोबर घेऊन चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यालं. शतकानुशतकांच्या त्या अपमानाची बरोबरी एका कानाशी मी करत नाही. पण त्यातून एक गोष्ट आपण कायमची शिकायला पाहिजे होती. वरून कुणीतरी ओंजळीत ओतलेलं पाणी आणि आपल्या पायांनी तळ्यात उतरून घेतलेलं पाणी, तहान दोन्हींनी भागते. पण ताठ उभं राहता येतं ते दुसऱ्यानंच. दवाखान्याचंही तसंच आहे. आमदाराची चिठ्ठी, ट्रस्टची दया, ओळखीचा वॉर्डबॉय, मोठ्या मनाचा सावकार, यांच्या हातून मिळालेला उपचार म्हणजे ओतलेलं पाणी. माझ्या भाच्याचा फोनसुद्धा, खरं बोलायचं तर, त्यातलाच. भाचा गुणी आहे म्हणून मला त्याचा अभिमान आहे. पण माणसाचा कान भाचा असण्यावर अवलंबून असू नये.

आता गावात काय बदललं ते सांगतो. फार काही नाही. आमच्या आशाताईला भाच्यानं गुणगुणायची परीक्षा शिकवली. तिनं ती बचतगटाच्या बायकांना शिकवली. ओठ मिटून गुणगुणायचं. आवाज बंद झालेल्या कानात घुमला तर बहुधा मळ किंवा पडद्याचं काही. चांगल्या कानात घुमला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. गोळ्या मात्र कुणी आपल्या मनानं घ्यायच्या नाहीत, कारण त्या साखर आणि रक्तदाब बिघडवू शकतात. गेल्या दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेल्या बाया ओठ मिटून गुणगुणत होत्या आणि हसत होत्या. आक्का त्यांच्यात होती. उजव्या कानावरनं पदर मागं सारून ती सगळ्यांना दम देत होती, “आसं न्हवं गं, दात लावू नगा, नुसतं वट मिटा.”

तेवढ्यानं काही होणार नाही, हे मला कळतं. बाईनं ओळखलं की हा मळ नाही, तर पुढं तिनं जायचं कुठं? सपाटीवरल्या भागात तीस हजार माणसांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असं सरकारचंच माप आहे. त्या प्रत्येक केंद्रात एक काटा, तो वापरायला शिकलेला एक माणूस, गोळ्यांची एक पट्टी आणि पुढं तालुक्याला पाठवायची सोय, एवढं असलं तरी फडावरल्या बाईला दार सापडेल. तो काटा महाग नसतो. त्याला वीज लागत नाही, पेट्रोल लागत नाही.

सरकार कानाडोळा करतं, असं आपण सहज म्हणतो. पण सरकारला कान नसतात. ते आपणच द्यायचे असतात, ग्रामसभेत उभं राहून, मोठ्यानं बोलून, परत परत बोलून. बहिऱ्याशी बोलायची हीच रीत आहे. समोर उभं राहायचं, तोंड दिसू द्यायचं, सावकाश बोलायचं आणि कळलं नाही तर चिडून निघून जायचं नाही.

येत्या ग्रामसभेत आरोग्य केंद्रातला काटा आणि तोडणीच्या काळात फडाजवळ फिरता दवाखाना, हे दोन ठराव मांडायचे ठरलेत. पहिला मी मांडणार आहे. दुसरा आक्का मांडणार आहे, कारण त्यातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.